टर्बो डिझेलचा निळा धूर: टर्बो बदलायच्या आधी काय काय तपासायचं?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची, बीएस फोर, १३०० सीसी टर्बो डिझेल, रनिंग १ लाख २८ हजार. पहिल्यापासून घरातच आहे. कोल्हापूर ते कणकवली येणंजाणं नेहमीचं, गगनबावड्यावरून करूळ घाटाने.

सकाळी स्टार्ट केली की धूर नाही. घाट चढताना पूर्ण लोडला असते तेव्हाही आरशात काही दिसत नाही. पण टोलच्या रांगेत किंवा रेल्वे फाटकाशी चालू ठेवून पाच-दहा मिनिटं उभी राहिली आणि मग रेस दिली, की मागे निळसर लोट उठतो. तो एकदा गेला की पुन्हा स्वच्छ. पिकअप पहिल्यासारखंच. हजार किलोमीटरला अर्धा लिटर तरी ऑइल कमी होतं, कूलंट मात्र जागच्या जागी.

एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि सांगितलं, "टर्बो गेला." दुसरीकडे म्हणाले, "रिंगा गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल." दोघांनीही एक नटसुद्धा खोललेला नाही. दोन्ही कामांचा खर्च मोठा आहे. नेमकं काय गेलंय हे आधी पक्कं कसं करायचं?

नागपूरकर_डिझेल:
भाऊ, घाई करू नका. माझ्या गाडीला हुबेहूब हाच त्रास होता. टर्बो नवा बसवला. थोडे दिवस बरे गेले आणि परत तोच निळा धूर. गॅरेजवाले म्हणतात नवा टर्बोच सदोष निघाला, पार्ट विकणारा म्हणतो तुमच्या इंजिनात दोष आहे. पैसे गेले आणि गाडी ऑइल खातेच आहे. मीही इथे उत्तरच शोधतोय.

गिअरवाला:
जाड ऑइल टाका, २०डब्ल्यू-५०. धूर बंद होईल. आणि ईजीआर, म्हणजे जळालेला थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, ब्लँक करून (कायमचा बंद करून) टाका, इंजिन मोकळं होतं.

टेस्टबेड:
गिअरवाला दादा, दोन्ही सल्ल्यांना माझा विरोध आहे आणि कारण सांगते. मी पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये काम करते.

टर्बोत एकाच शाफ्टवर दोन चक्रं असतात: एक एक्झॉस्टच्या गॅसने फिरतं, दुसरं इंजिनात जादा हवा ढकलतं. हा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. एवढ्या छोट्या गाडीचा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेतो. कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असताना २०डब्ल्यू-५० भरलं, तर थंड इंजिनावर ते ऑइल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचतं आणि तेवढ्या वेळात शाफ्ट कोरडा घासतो. धूर थोडे दिवस कमी दिसेल, पण टर्बोचं आयुष्य घटेल. ईजीआरचा तर निळ्या धुराशी संबंधच नाही. तो उघडा अडकला तर काळा धूर येतो. तो ब्लँक करणं म्हणजे प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत छेडछाड आहे, ते बेकायदा आहे, आणि इथे त्याने काही सुटणारही नाही.

पंचगंगाकाठ, तुम्ही लक्षणं फार नीट लिहिली आहेत. अर्धं निदान त्यातच आहे. पण आधी रंगाची खात्री करा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पांढरा धूरही निळा दिसतो. सायलेन्सरच्या तोंडाशी, वीतभर अंतरावर, पांढरा पुठ्ठा धरा आणि कुणाला तरी रेस द्यायला सांगा. पुठ्ठ्यावर तेलकट, न वाळणारे ठिपके पडले तर ऑइल. कोरडी काळी पूड पडली तर ती काजळी, म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. नुसते पाण्याचे थेंब पडून वाळून गेले तर वाफ किंवा कूलंट. वासावरही लक्ष ठेवा: जळक्या तेलाचा वास वेगळा, डोळे चुरचुरवणारा कच्च्या डिझेलचा वेगळा, आणि कूलंटचा गोडसर.

पंचगंगाकाठ:
पुठ्ठा धरून पाहिला, ताई. तेलकट ठिपके आहेत, बोटाला चिकटतात. वास जळक्या ऑइलचा.

उद्यमनगर:
मग आता शिस्तीने जाऊया. मी शिवाजी उद्यमनगरात बरीच वर्षं इंजिन बांधणीचं काम केलं. सिलिंडरमध्ये किंवा सायलेन्सरमध्ये ऑइल यायला मोजक्याच वाटा असतात: व्हॉल्व्हच्या सीलमधून, पिस्टनच्या रिंगांमधून, टर्बोच्या शाफ्टवरून, नाहीतर ब्रीदरच्या पाइपातून. प्रत्येक वाटेची वेळ वेगळी असते. म्हणून धूर केव्हा येतो ते आधी विचारायचं, रंग नंतर.

व्हॉल्व्ह सील कडक झाले असतील तर रात्रभर उभ्या गाडीत ऑइल गाइडवरून (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती) हळूहळू खाली उतरतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला निळा फुसकारा येऊन थांबतो. तुझ्या गाडीला सकाळी काही नाही. पेट्रोल गाडीत आणखी एक खूण असते. लांब उतारावर पाय काढून गिअरमध्ये गाडी आणली, की थ्रॉटल बंद असल्यामुळे हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये जोराचं व्हॅक्यूम तयार होतं, ते गाइडमधून ऑइल ओढतं आणि घाट संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की धूर निघतो. जुन्या डिझेलला हवा अडवणारं थ्रॉटल नसतं, म्हणून उताराची ही परीक्षा डिझेलला फारशी भरवशाची नाही. एवढं लक्षात ठेव, कारण पेट्रोलचे नियम डिझेलला लावून कित्येक हेड उगाच उतरवली गेलेली मी पाहिली आहेत.

रिंगा गेल्या असत्या तर लोडवर धूर आला असता. करूळ घाट चढून वर गगनबावड्याला येईपर्यंत मागे निळी रेघ दिसली असती, पिकअप मेलं असतं, थंडीत स्टार्टिंग जड गेलं असतं. तुझ्याकडे यातलं काहीच नाही. तरी एक साधी खात्री कर. इंजिन गरम, आयडलवर, ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच वर ठेव. डिझेलला थोडा ब्लो-बाय, म्हणजे रिंगांच्या कडेने खाली उतरणारा गॅस, असतोच, झाकण जरा थरथरलं तर घाबरायचं कारण नाही. पण झाकण उडायला लागलं, धुराचे भपकारे यायला लागले, तर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटात, दाब वाढलाय. तो दाब दोन कारणांनी वाढतो: रिंगांमधून जास्त गॅस उतरतोय, किंवा उतरणारा गॅस बाहेर पडायची वाट, म्हणजे ब्रीदर, तुंबलाय. बरीच गॅरेजं पहिल्या कारणापाशीच थांबतात आणि इंजिन खोलतात.

आता टर्बो. याच्या शाफ्टवर रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते आणि ती एकटी ऑइल अडवूच शकत नाही. ऑइल आत राहतं ते दोन गोष्टींमुळे. एक, गाडी लोडवर असताना दोन्ही चक्रांच्या मागे हवेचा किंवा गॅसचा दाब असतो, तो ऑइलला आत ढकलून ठेवतो. दोन, बेअरिंगमधून गेलेलं ऑइल जाड पाइपाने आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये निघून जातं. या परतीच्या पाइपाला पंप नाही, दाब नाही. न्हाणीघराची मोरी तुंबली की पाणी उंबऱ्यावरून बाहेर येतं, तसंच इथे होतं. परतीचा पाइप कार्बनने अरुंद झाला किंवा क्रँककेसमध्ये दाब साठला, की ऑइल खाली उतरत नाही, टर्बोच्या पोटात साचतं आणि रिंगवरून बाहेर पडतं. आयडलला चक्रांच्या मागे दाब नसतो, त्यामुळे तेव्हाच ते सगळ्यात जास्त गळतं. उभ्या गाडीत गोळा झालेलं ऑइल रेस दिली की जळतं.

टोलच्या रांगेनंतरचा तुझा धूर नेमका हाच आहे. ऑइल टर्बोवरून येतंय असं मला वाटतं, पण टर्बो खराब आहे असं यावरून ठरत नाही. नागपूरकर, तुमचं उत्तरही बहुतेक इथेच आहे. मोरी तुंबलेलीच राहिली तर नवा टर्बोही ऑइल टाकणार.

नागपूरकर_डिझेल:
काका, टर्बो बदलला तेव्हा परतीचा पाइप जुनाच बसवला होता. ब्रीदर कुणी उघडलाच नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

पंचगंगाकाठ:
उद्यमनगर काका, खूप आभार. आता हे खोलून सिद्ध करायचं असेल तर कुठे बघायचं? मेकॅनिकला नेमकं काय सांगू?

उद्यमनगर:
दोनच जागा सांग. पहिली, टर्बोच्या आधीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या नंतरचा डाउनपाइप. इंजिन थंड झाल्यावर टर्बो सुटा करून दोन्हीकडे बॅटरीच्या उजेडात बघायचं. मॅनिफोल्ड आतून ओला, तेलकट असेल तर ऑइल सिलिंडरमधून येतंय, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह. मॅनिफोल्ड कोरडा, राखाडी किंवा काळ्या काजळीचा, आणि टर्बोच्या बाहेर पडणारं तोंड ओलं असेल, तर ऑइल टर्बोमध्येच मिसळतंय. एवढ्या एका गोष्टीने दोन्ही गॅरेजांचा वाद मिटतो आणि त्यासाठी हेड उतरवायची गरज नाही.

दुसरी जागा, इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या बाजूचा होज. ब्रीदरची वाफ टर्बोच्या तोंडाशी जोडलेली असते, म्हणून आत तेलाचा पातळ हात फिरलेला असणं नॉर्मल आहे. ओतल्यावर वाटीभर ऑइल निघालं तर ते नॉर्मल नाही.

शाफ्टही हलवून बघायला सांग. आडवा किंचित हलला तर चालतं, कारण तो ऑइलच्या थरावरच बसतो आणि बंद गाडीत तो थर नसतो. पण पुढे-मागे हाताला जाणवेल इतका सरकला, किंवा चक्राची पाती घरावर घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो संपला. मग त्याच्यावर वेळ घालवू नका.

टेस्टबेड:
काकांच्या यादीत एक सुरक्षेची गोष्ट जोडते, कारण निळा धूर येणाऱ्या टर्बो डिझेलमध्ये ती जीवावर बेतू शकते. इंटरकूलरमध्ये ऑइल साचलेलं असेल आणि टर्बोचं बेअरिंग अचानक गेलं, तर इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून जाळायला लागतं. याला रनअवे म्हणतात. चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, कारण बंद होतो डिझेलचा पुरवठा, आणि इंजिन आता डिझेलवर चालतच नसतं. आरपीएम आपोआप चढत जातो, मागे पांढरट-निळ्या धुराची भिंत उभी राहते.

मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून, सर्वांत वरचा गिअर टाकायचा आणि क्लच झटक्यात सोडून इंजिन बंद पाडायचं. क्लच जळेल, जळू दे. ऑटोमॅटिकला हा उपाय नाही. तिथे हवा बंद करणं हाच मार्ग. हवेच्या तोंडावर जाड सपाट फळी दाबायची किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक आत सोडायचा. हात किंवा फडकं कधीच लावू नका, आत ओढलं जातं. आणि इंजिन किंचाळत असेल, धूर खूप झाला असेल, तर बॉनेटजवळ न जाता सगळ्यांना लांब न्या. गाडीपेक्षा माणसं महत्त्वाची.

म्हणून पंचगंगाकाठ, निदान होईपर्यंत लांबचा प्रवास टाळा आणि डिपस्टिक रोज बघा. पातळी खालच्या खुणेच्या वर राहिली पाहिजे, पण वरच्या खुणेच्या वरही जाऊ देऊ नका. जास्त भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो, त्याचा फेस ब्रीदरमधून टर्बोत जातो आणि तेवढ्यानेही निळा धूर येतो.

शेतकरी_पिकअप:
माझा प्रश्न काळ्या धुराचा आहे. मालाची पिकअप, टर्बो डिझेल, बीएस थ्री. कांदा भरून चढाला लागली की काळा धूर आणि ओढ नाही. रिकामी असली की ठीक. पंपवाला म्हणतो नोझल बदला.

उद्यमनगर:
भाऊ, काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण त्याला पुरेशी हवा नाही. टर्बोच्या गाडीत हवा हरवायला जागा खूप. पहिल्यांदा एअर फिल्टर, धुळीच्या रस्त्यावर तुमचा लवकर भरणार. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे होज. चीर पडलेला होज आयडलला मिटलेला असतो, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आला की उघडतो. म्हणूनच रिकाम्या गाडीला कळत नाही. लोडवर "फुस्स" असा आवाज येतो का ऐका, आणि होजच्या बाहेरून तेलकट काळी ओल कुठे आहे ते शोधा, गळती तिथेच. साबणाचं पाणी मारून आणि पाइपात कमी दाबाची हवा सोडून बुडबुडे बघता येतात. हे सगळं ठीक निघालं तरच नोझल. तेही आधी टेस्टिंगला लावा, सरसकट चारही बदलू नका.

टेस्टबेड:
आणि पीयूसी पास आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डिझेलच्या पीयूसीत गाडी जागेवर उभी करून रेस देतात, तेव्हा लोड नसतो. होजची चीर तिथे पकडली जाईलच असं नाही.

शेतकरी_पिकअप:
इंटरकूलरच्या वरच्या होजला क्लॅम्पखाली चीर निघाली. नवा होज टाकला. भरलेल्या गाडीला चढावर आता धूर नाही, ओढही आली. नोझलचे पैसे वाचले. देव तुमचं भलं करो.

पंचगंगाकाठ:
मंडळी, गाडी उघडली. शेजारच्या ओळखीतल्या एका मेकॅनिकने ऐकून घेतलं आणि काकांनी सांगितलं त्याच क्रमाने काम केलं.

मॅनिफोल्ड आतून कोरडा, नुसती काजळी. टर्बोच्या बाहेरचं तोंड ओलं, डाउनपाइपात ऑइलचे ओघळ. इंटरकूलरच्या होजमध्येही हाताला लागेल एवढं ऑइल, पण वाटीभर नाही. शाफ्टला पुढे-मागे काहीच खेळ नाही, पाती शाबूत. परतीचा पाइप काढला तेव्हा मात्र सगळं उलगडलं. आतून डांबरासारखा कार्बन, मधलं भोक जेमतेम पेन्सिल जाईल एवढं. ब्रीदरमधल्या ऑइल सेपरेटरची जाळीही चिकट गाळाने भरलेली.

परतीचा पाइप नवा टाकला. ऑइल आणणारा बारीक पाइप काढून साफ केला, त्याचे तांब्याचे वॉशर बदलले. ब्रीदर नवा. इंटरकूलर उतरवून धुऊन वाळवला. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलले. टर्बो तोच ठेवला.

आता टेन्शन वेगळंच आहे. गाडी अजून थोडा निळसर धूर देते. आधीपेक्षा कमी, पण देते. काम वाया गेलं का?

उद्यमनगर:
नाही. सायलेन्सर आणि कॅटॅलिस्टमध्ये इतके दिवस जमलेलं ऑइल आहे, ते जळून जाईपर्यंत धूर येणारच. हायवेला गाडी नीट गरम होऊ दे, चांगली लोडवर चालव. रोज कमी होत गेला तर समजायचं जुनं ऑइल जळतंय. खरी परीक्षा धुराची नाही, डिपस्टिकची. सपाट जागेवर, थंड इंजिनावर खूण कर आणि हजार किलोमीटरनंतर त्याच जागेवर परत बघ.

पंचगंगाकाठ:
कणकवलीला जाऊन आलो. येताना फाटकात बराच वेळ चालू ठेवली, मुद्दाम रेस दिली, मागे काही नाही. डिपस्टिक खुणेपासून नखभरही हललेली नाही. काका, ताई, तुमचे उपकार विसरणार नाही.

नागपूरकर_डिझेल:
माझाही परतीचा पाइप काढायला सांगितलाय. काका, मला एवढंच सांगा, तो तुंबतो कशामुळे? ऑइल तर मी वेळेवर बदलतो.

टेस्टबेड:
यावर मी सांगते. वेळेवर म्हणजे किलोमीटरने की महिन्यांनी, हे महत्त्वाचं आहे. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत किलोमीटर कमी पडतात, पण काजळी, ओलावा आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये जातच राहतं. अशा गाडीचं ऑइल वर्षातून एकदा तरी बदललंच पाहिजे, किलोमीटर काहीही असोत. ग्रेड कंपनीच्या पुस्तिकेतलीच.

दुसरं कारण म्हणजे गरम टर्बो एकदम बंद करणं. समृद्धीवरून जोरात येऊन फूड मॉलला थांबलात आणि लगेच चावी फिरवलीत, तर ऑइलचा पंप थांबतो, पण एक्झॉस्टच्या बाजूचं घर अजून प्रचंड तापलेलं असतं. बेअरिंगमध्ये उरलेलं ऑइल तिथेच भाजून त्याचा कोळसा होतो आणि तोच पुढे परतीच्या पाइपात जमतो. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवा किंवा थांबल्यावर मिनिटभर आयडल ठेवा, एवढं पुरतं.

मडगावकर:
देव बरे करूं. माझी गाडी बीएस सिक्स, एक लिटर टर्बो पेट्रोल, अजून नवीच. दोन शंका आहेत. पावसाळ्यात सकाळी पांढरा धूर येतो, पाचेक मिनिटांत जातो. आणि सायलेन्सरचं तोंड आतून काळं आहे, बोटाला काळी पूड लागते. हेड गॅस्केट गेलंय का?

टेस्टबेड:
मडगावकर, बहुतेक नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. दमट हवेत आणि थंड सायलेन्सरमध्ये ती वाफ दिसते, सायलेन्सर तापला की अदृश्य होते. नॉर्मल वाफ बाहेर पडताच हवेत विरते. कूलंटचा धूर दाट असतो, मागे रेंगाळतो, गोडसर वास येतो आणि इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या टर्बो इंजिनांत सायलेन्सरच्या तोंडाशी कोरडी काजळी असतेच, ती तेलकट नसली तर काळजी नको.

तरी खात्री करायची असेल तर सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटच्या टाकीवर पातळीशी चिकटपट्टीची खूण करा. गरम इंजिनावर टाकीचं झाकण कधीही उघडू नका. थोडे आठवडे त्याच जागी उभी करून बघत राहा. पातळी उतरत असेल तर कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि टर्बोला जाणारे कूलंटचे बारीक पाइपही तपासायला सांगा, कारण पेट्रोल टर्बोचं मधलं घर बहुधा कूलंटनेच थंड केलेलं असतं आणि गळती तिथूनही होऊ शकते.

मडगावकर:
समजलं ताई. उद्या सकाळी पट्टी लावतो. गाडी वॉरंटीत आहे, पातळी उतरली तर स्वतः काही न खोलता सर्व्हिस सेंटरला नेऊ ना?

टेस्टबेड:
हो, तसंच करा. खुणेचा फोटो तारखेसह ठेवा आणि जॉब कार्डवर "धूर येतो" असं न लिहिता "थंड इंजिनावर कूलंट कमी होतं, प्रेशर टेस्ट करावी" असं लिहून घ्या.